नोंदवहीत नसलेलं १९९३

जगभरातल्या दहशतवादी हल्ल्यांची सर्वांत मोठी खुली नोंद अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाकडे आहे. ग्लोबल टेररिझम डेटाबेस हे तिचं नाव. १९७० पासूनचे दोन लाखांहून अधिक हल्ले तिच्यात आहेत आणि प्रत्येकापुढे तारीख, गाव, हत्यार, मेलेले, जखमी, कुणी केलं, कुणावर केलं असे रकाने. संशोधक ती वापरतात, वर्तमानपत्रं वापरतात, सरकारंही वापरतात. यादी १९९२ च्या डिसेंबरपर्यंत सलग येते आणि मग एकदम १९९४ चा जानेवारी सुरू होतो.

मधलं वर्ष हरवलं. सुरुवातीची ही सगळी नोंद पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीची माणसं बातम्या वाचून कार्डांवर करत असत. कंपनीचं ऑफिस एका जागेहून दुसरीकडे हललं, त्यात १९९३ ची कार्डं गहाळ झाली. विद्यापीठाने पुढे जुन्या बातम्या शोधून ते वर्ष भरायचा प्रयत्न केला, पण फार थोडं हाती लागलं. म्हणून तो तुकडा मुख्य यादीत न मिसळता बाजूला ठेवला आहे.

मी रायगड जिल्ह्यातल्या बोर्ली पंचतनची. आमच्या एका अंगाला दिघी बंदर, दुसऱ्या अंगाला शेखाडीचा किनारा. ९ जानेवारी १९९३ ला दिघीत आणि ३ व ७ फेब्रुवारीला शेखाडीत हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चच्या साखळी बॉम्बस्फोटांनी मुंबई फुटली. २५७ माणसं गेली, सातशेच्या वर जखमी झाली. शुक्रवार होता. मी शाळेत होते. आमच्या आळीत असं घर नव्हतं की ज्यातलं कुणी मुंबईला नाही. माझे चुलते नरिमन पॉइंटला एका कचेरीत शिपाई होते, एअर इंडियाच्या इमारतीपासून जवळच. ते चालत परळपर्यंत आले आणि सुखरूप असल्याचा निरोप आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाला. तोवर पोस्टातल्या फोनपाशी बायका उभ्या होत्या, त्यात माझी आई. नंतरच्या दिवसांत मुंबईहून पोलिसांच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा गावाला समजलं की हे आपल्याच वाटेने गेलं.

म्हणजे जगाच्या नोंदवहीतून जे एकच वर्ष गळलं, ते आमचं. त्या नोंदवहीचे नियम मी नीट वाचले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला जास्त मोठी वाटते. १९९३ जागेवर असतं तरी त्यात मुंबई दिसली असती. शेखाडी दिसली नसती. नोंद हल्ल्याची होते, जिथे हल्ला झाला त्या गावाच्या नावाने होते. माल उतरवणं, तो दडवणं, ट्रकमधून पुढे नेणं, वाटेत पैसे घेऊन तो सोडणं याला तिथे ओळ नाही. नियमात खोट नाही. मोजायचं तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण रेघेपलीकडे आमचा अख्खा किनारा राहिला, आणि शिकण्यासारखं जे सर्वांत जास्त आहे ते तिथेच आहे असं मला वाटतं.

दहशतवाद आणि त्याचा प्रतिबंध हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे. तो रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कॉलेजांत शिकवला गेला पाहिजे, मराठीत शिकवला गेला पाहिजे, एवढंच मला या पोस्टमध्ये मांडायचं आहे.

या विषयाकडे मला माझ्या एका विद्यार्थिनीने ओढलं. ती म्हसळा तालुक्यातली, घरचे कोकणी मुसलमान, वडील बरीच वर्षं कुवेतला. बीएच्या शेवटच्या वर्षाला मी तिला राज्यशास्त्र शिकवत होते. एक दिवस तास संपल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, दहशतवादावर एमए करता येतं का? म्हणजे एखादा धडा नव्हे, पूर्ण तोच विषय."

करता येतं. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पॉल विल्किन्सन आणि ब्रूस हॉफमन यांनी १९९४ साली या विषयाचं केंद्र काढलं. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाचं हेगमधलं केंद्र आहे, मेरीलँड आहे. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाला २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. हे सगळं मी तिला एका कागदावर लिहून दिलं. दोनच दिवसांत तिच्या वडिलांचा कुवेतहून फोन आला.

"मॅडम, पोरीने शिकावं, माझी ना नाही. पण हाच विषय का? उद्या कुणी तिच्या मोबाईलमध्ये ती काय काय वाचते ते बघितलं, तर आम्ही कुणाला काय सांगायचं?"

त्यांची भीती पोकळ नव्हती. २००८ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात याच विषयावर काम करणाऱ्या एका एमएच्या विद्यार्थ्याने अल-कायदाची प्रशिक्षण पुस्तिका उतरवून घेतली, तीही अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरून. त्याला अटक झाली, जवळपास आठवडाभर कोठडीत ठेवलं आणि आरोप न ठेवता सोडलं. २०११ मध्ये पोलिसांनी त्याला २० हजार पौंड भरपाई दिली. आपल्याकडे केरळमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये माओवादी साहित्य सापडलं म्हणून दोन विद्यार्थ्यांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जामिनाच्या बाजूने निकाल दिला. हे मला माहीत असताना मी त्या गृहस्थांना "काही होत नाही हो" असं कसं सांगणार? मी त्यांना सांगितलं की जे वाचायचं ते कॉलेजच्या ग्रंथालयात, वहीत नोंद करून, माझ्या सहीच्या यादीप्रमाणे वाचायचं. विभागाचं पत्र तिच्या फायलीला लावून ठेवायचं. हत्यारं कशी बनतात असल्या कागदांना हात लावायचा नाही. विषयाला त्याची गरजच नाही. ते बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही स्वतः तिच्याबरोबर वाचणार असाल तर ठीक."

म्हणून मीही वाचायला बसले.

सुरुवात लायडनच्या एडविन बाकर यांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाने केली. कोर्सेरा या शिकवणीच्या संकेतस्थळावर तो २०१३ पासून आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते ती कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे व्हिडिओ आधी उतरवून ठेवायचे आणि रात्री मोबाईलवर बघायचे. बाकर पाच समजुती घेतात: दहशतवाद गरिबीतून येतो, दहशतवादी वेडे असतात, दहशतवाद दिवसेंदिवस जास्त जीवघेणा होतोय, तो मुख्यतः पाश्चात्त्यांविरुद्ध आहे, आणि तो यशस्वी होतो. मग प्रत्येक समजूत पुराव्यापुढे उभी करतात. शिकवायची ही पद्धत मला फार आवडली. आमच्या मुलांना मी पहिल्याच तासाला ही पाच वाक्यं फळ्यावर लिहून दिली आणि पटतं त्यावर हात वर करायला सांगितलं. गरिबीला जवळजवळ सगळ्या वर्गाचा हात होता.

ॲलन क्रूगर आणि यित्का मालेच्कोवा या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की गरिबी किंवा कमी शिक्षण यांचा दहशतवादाशी थेट संबंध पुराव्यात दिसत नाही. राज्यशास्त्रज्ञ मार्था क्रेनशॉ यांनी त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, लिहून ठेवलं आहे की दहशतवाद्यांचं सर्वांत ठळक सामाईक लक्षण त्यांचं सर्वसामान्य असणं हेच आहे. वेडसर माणूस संघटनेला उलट अडचणीचा. हे वर्गात पचायला वेळ लागतो. गरीब नाही, वेडा नाही, मग कोण? या प्रश्नाशी मुलं थांबली की मी पुढे जायची घाई करत नाही. धर्माचं नाव याच ठिकाणी निघतं आणि तेही दाबायचं नाही. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड रॅपपोर्ट यांनी सांगितलेल्या दहशतवादाच्या चार लाटा मांडायच्या: १८८० च्या आसपास सुरू झालेली अराजकवाद्यांची, १९२० नंतरची वसाहतवादविरोधी, १९६० च्या दशकातली नवडाव्यांची आणि १९७९ पासूनची धार्मिक. रशियाच्या झारवर बॉम्ब टाकणारे कोण होते, श्रीपेरुंबुदूरला २१ मे १९९१ ला राजीव गांधींना मारणाऱ्या एलटीटीई या श्रीलंकेतल्या तमिळ संघटनेचा धर्माशी किती संबंध होता, हे विचारायचं. बाकीचं काम मुलं स्वतः करतात.

२०२१ मध्ये जेएनयूने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी दहशतवादविरोधाचा एक ऐच्छिक पेपर मंजूर केला. त्यात धार्मिक दहशतवाद म्हणजे फक्त जिहादी, अशी मांडणी असल्यावरून मोठा वाद झाला. त्या वादातली दिल्लीची भांडणं दिल्लीला लखलाभ. मला प्रश्न पडतो तो आमच्या वर्गाचा. एकाच बाकावर कोळ्याचा मुलगा, कुणब्याची मुलगी आणि म्हसळ्याची ती. अशा वर्गात उत्तर आधीच छापून आलेला अभ्यासक्रम घेऊन गेले तर अर्धा वर्ग मान खाली घालेल, उरलेल्या अर्ध्याला वाटेल आपलं बरोबरच होतं, आणि शिकणार कुणीच नाही. ज्या अभ्यासक्रमाने एका धर्माचा दहशतवाद शिकवला त्याने दहशतवाद शिकवलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाचताना मला सर्वांत हलवून सोडलं ते एका आकड्याने. गुन्हेशास्त्रज्ञ सिंथिया लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दहशतवादावरचं सगळं लेखन गोळा केलं. वीस हजारांहून जास्त लेख आणि अहवाल निघाले. त्यातून, एखादा उपाय खरंच लागू पडतो का हे शास्त्रशुद्ध तपासणारे किती, ते शोधलं. सात. वीस हजारांत सात. सरकारं अब्जावधी खर्च करतात, कायदे बदलतात, लोकांची झडती घेतात, आणि उपयोग होतो का हे तपासायचं जवळजवळ कुणालाच सुचलं नाही.

आणि जिथे तपासलं तिथे काय दिसलं? जानेवारी १९७३ पासून अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांची धातुशोधकाने तपासणी सुरू झाली. विमान अपहरणं घटली, हे खरं. पण एंडर्स आणि सँडलर या अर्थतज्ज्ञांनी पुढची वर्षं ताडून पाहिली तेव्हा ओलीस धरण्याचे दुसरे प्रकार वाढलेले दिसले. एक दार बंद झालं तशी माणसं दुसऱ्या दाराला गेली.

हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ आमच्याच समुद्राचा विचार करत होते. १९९३ च्या स्फोटांनंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम्स यांनी मिळून महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर ऑपरेशन स्वान नावाचा पहारा सुरू केला. पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, दहा जण पुन्हा समुद्रातूनच आले. आमच्या खाडीत रात्री माल उतरवून ट्रक भरण्याची पद्धत त्यांनी वापरली नाही. पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पकडली, खलाशांना मारलं, मुंबई जवळ आल्यावर तांडेलालाही, म्हणजे बोटीच्या प्रमुखालाही, मारलं, आणि रबरी होडीतून थेट कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. १६६ माणसं मेली. पहाऱ्यामुळे वाट बदलली का, की बदललेल्या वाटेशी पहाऱ्याचा काही संबंधच नव्हता? पहारेकऱ्याला काही सापडत नाही तेव्हा कुणी येत नाहीये असं समजायचं, की येणारा दिसत नाहीये असं? हा तपासण्याजोगा प्रश्न आहे आणि तो तपासायला बंदरं, भरती-ओहोटी, मासेमारी बंदीचे महिने, कुठल्या धक्क्यावर कुठल्या गावच्या बोटी लागतात हे ठाऊक असणारी माणसं लागतात. ती माणसं हेगमध्ये मिळणार नाहीत.

शनिवारच्या जादा तासाला आम्ही त्या नोंदवहीची कसोटी स्वतः लावून बघतो. घटना जाणूनबुजून केलेली हवी, हिंसा किंवा हिंसेची धमकी हवी, करणारे सरकारी नकोत. शिवाय पुढच्या तिनांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात: राजकीय, आर्थिक, धार्मिक किंवा सामाजिक हेतू. प्रत्यक्ष बळींपलीकडच्या लोकांना धाक घालण्याचा इरादा. आणि युद्धाच्या मान्य नियमांबाहेरची कृती. मी मुलांना घटना देते, ती कागदावर निर्णय आणि कारण लिहितात. बारा मार्चवर वाद होत नाही. पण हरिहरेश्वरची बोट दिली की तास संपत नाही.

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदला दिवस. हरिहरेश्वरजवळ एक निनावी बोट किनाऱ्याला लागली, आत तीन एके-४७ रायफली. आमच्याकडे नाकाबंदी, एटीएस, मुंबईपर्यंत हाय अलर्ट. या वर्गातली बरीच मुलं तेव्हा शाळेत होती आणि त्यांच्या घरच्या मोबाईलवर काय काय फिरलं ते त्यांना तोंडपाठ आहे: अमुक इतके लोक उतरलेत, दिवेआगरला दिसले, म्हसळ्यात लपलेत. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. बोट 'लेडी हान' नावाची, मालकीण ऑस्ट्रेलियाची नागरिक, मस्कतहून युरोपकडे निघालेली. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवलं, समुद्र खवळलेला असल्याने बोट ओढून नेता आली नाही आणि ती वाहत वाहत आमच्या दारात आली.

म्हणजे कसोटीवर शून्य. करणारा कुणी नाही, हेतू नाही, हिंसा नाही. आणि तरी त्या दुपारी श्रीवर्धनची दुकानं अर्धी बंद होती आणि माझ्या त्या विद्यार्थिनीच्या आईने मुलांना घराबाहेर सोडलं नव्हतं, तेही आपल्या मुलांकडे कुणी संशयाने बघेल म्हणून. दहशतवादाचे अभ्यासक ब्रायन जेंकिन्स यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं की दहशतवाद्याला पुष्कळ माणसं मरायला नको असतात, पुष्कळ माणसं बघायला हवी असतात. इथे तर दहशतवादीच नव्हता, बघणारे मात्र सगळे होते. मुलांनी त्या दिवशीचे संदेश शोधून काढले, कोणता कुठून आला, किती वाजता आला, सरकारी खुलाशानंतरही कोणते फिरत राहिले याचा तक्ता केला. तो तक्ता मी जपून ठेवला आहे. मोठ्या विद्यापीठातल्या कुठल्याही प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यातून निघू शकेल.

आता शेखाडीकडे येते. टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवलं आणि २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्या निकालातली किनाऱ्यावरची पानं मी मुलांबरोबर वाचते. दोषींमध्ये कस्टम्सचे अधिकारी आहेत, पोलीस आहेत. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या होत्या, हे महत्त्वाचं! तिथे घासाघीस झाली, रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या, आणि गाड्या पुढे गेल्या. गोंडघर फाटा आमच्या रोजच्या एसटीच्या वाटेवर आहे. वर्गातली निम्मी मुलं तिथूनच येतात.

त्या फाट्यावर कुणी बॉम्बस्फोट करायला उभं नव्हतं. कित्येक वर्षांची रीत होती. सोन्याची बिस्किटं, चांदी, घड्याळं, कापड. रात्री होडी लागायची, गावातले चार हात माल उतरवायचे, मजुरी चांगली मिळायची, वरपर्यंत वाटा पोचायचा. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला तशी सोन्यातली कमाई आटत गेली, पण वाट, ओळखी आणि दर ठरलेलेच राहिले. त्याच तयार वाटेने त्या हिवाळ्यात दुसरा माल आला. आमच्या भागातली जुनी माणसं आजही म्हणतात, "आम्हाला चांदीच वाटली." काहींचं खरं असेल, काहींचं नसेल, ते न्यायालयाने बघितलं. विद्यापीठाने बघायचं ते वेगळं: एखाद्या भागात कायद्याकडे डोळेझाक करण्याची सवय कशी मुरते, तिचा दर कोण ठरवतं, आणि ती कुणाच्याही कामी कशी येऊ शकते. गुन्हेगारी आणि दहशतवाद यांच्या सांध्यावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलंय. आमच्याकडे तो सांधा जागेवर जाऊन दाखवता येतो.

एका तासाला मी श्रीवर्धनच्या एका तांडेलकाकांना वर्गात बोलावलं. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्यांनी ओळखपत्रं, बोटींचे ठरवून दिलेले रंग, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक सगळं सांगितलं. मग एका मुलाने विचारलं, काका, परकी होडी ओळखता येते का?

"अरे, धक्क्याला परकी होडी लागली तर शेंबडं पोरबी वळखंल. इंजिनाच्या आवाजावरनं कलतं. पन सांगायचं कोनाला? सांगितलं की पयली चौकशी आमचीच."

वर्ग गप्प झाला. मी फळ्यावर टॉम टायलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव लिहिलं. टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मुस्लिम रहिवाशांमध्ये अभ्यास करून २०१० मध्ये दाखवलं की दहशतवादाबाबत लोक पोलिसांना माहिती देतात की नाही हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: पोलीस आपल्याशी न्यायाने वागतात असं त्यांना वाटतं का. काकांनी जे एका वाक्यात सांगितलं, त्याचंच ते शास्त्र. २००८ मध्येही कुलाब्याच्या वसाहतीतल्या लोकांनी त्या दहा जणांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. पाहणारे डोळे किनाऱ्यावर नेहमीच होते. ते डोळे आणि पोलीस ठाणं यांच्यामधलं अंतर कसं कमी होईल, हे मला दिल्लीच्या कुठल्याही परिसंवादापेक्षा महत्त्वाचं संशोधन वाटतं.

वर्गाला आणखी एक अभ्यास चक्रावून टाकतो. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ संघटना तपासल्या. ज्या संपल्या त्यांतल्या ४३ टक्के राजकारणात आल्यामुळे, ४० टक्के पोलीस आणि गुप्तवार्ता यांच्या कामामुळे. लष्करामुळे फक्त ७ टक्के. सिनेमे पाहून आलेल्या मुलांना हा शेवटचा आकडा दोनदा सांगावा लागतो. मुंबई बघणाऱ्यालाही तो पटावा: स्फोटानंतर वरळीत टाकून दिलेल्या एका मारुती व्हॅनवरून तपास सुरू झाला, तो पोलिसांच्या साध्या चिकाटीने.

मुंबईत, पुण्यात, गांधीनगरला हा विषय शिकवला जातो याचा मला आनंद आहे. पण आमच्याकडून तिथे जाणारी मुलं बोटावर मोजण्याइतकी, आणि तिथून इथे कुणी शिकायला येत नाही. येतात ते पर्यटक. शेखाडीचा रस्ता आता रीळ काढायला प्रसिद्ध आहे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, गाड्या थांबवून फोटो. गावाला ते बरंच आहे, तीस वर्षं त्या गावाचं नाव घेतलं की समोरचा "आरडीएक्सवालं ना?" म्हणायचा, नोकरीच्या मुलाखतीत म्हणायचा, पासपोर्टच्या चौकशीत म्हणायचा. त्यांनी विसरायचं म्हटलं तर त्यांचा हक्क आहे. म्हणूनच जे करायचं ते त्यांना विचारून.

गेल्या वर्षापासून आम्ही एक काम हाती घेतलं आहे. १९९३ चं आमचं वर्ष आम्हीच लिहायचं. मेरीलँडच्या नोंदवहीसाठी नव्हे, कॉलेजच्या ग्रंथालयासाठी. निकालातला किनाऱ्यावरचा भाग मुलं मराठीत उतरवताहेत. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या मुलाखती घेताहेत, पण नियम ठरवून: कोण कशात होतं हे विचारायचं नाही, सांगू लागलं तर लिहायचं नाही; संमती कागदावर घ्यायची; नाव छापायचं नाही; नंतर कुणाला वाटलं की आपलं बोलणं काढून टाका, तर काढायचं. विचारायचं ते त्या वेळचं जगणं. मजुरी किती होती, मासळीला भाव काय होता, पोलीस गावात कधी यायचे, स्फोटांनंतर बाजारात काय झालं, शेजाऱ्याशी बोलणं कधी बंद झालं आणि परत कधी सुरू झालं. शेवटच्या प्रश्नाला सर्वांत लांब उत्तरं येतात.

घाई आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्याकडे छपरं उडवली तेव्हा घराघरातले जुने कागद भिजून लगदा झाले. एका शिक्षकांनी जपलेली १९९३ ची कात्रणं त्यातच गेली. माणसंही चालली आहेत.

माझी विद्यार्थिनी आता बाहेर एमए करते आहे. विषय तोच. प्रबंधासाठी तिने खाडीकाठच्या गावांतली पोलिसांना माहिती देण्याची तयारी हा विषय घेतलाय आणि प्रश्नावली मराठीत आणि कोकणी मुसलमानांच्या बोलीत अशी दोन्हीकडे करते आहे. मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिचे वडीलही कुवेतहून आले होते. प्रश्नावलीतले तीन प्रश्न त्यांनी बदलून दिले, कारण म्हणे असं विचारलं तर आमच्या मोहल्ल्यात कुणी तोंड उघडणार नाही. बदललेले प्रश्न जास्त चांगले होते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे जानेवारी ते डिसेंबर १९९३ मधली रायगड-रत्नागिरीची स्थानिक साप्ताहिकं, दिघी, श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागातली बाजार समितीची किंवा मच्छीमार सोसायटीची जुनी वहीखाती, शाळेच्या हजेरीपटांच्या प्रती, मुंबईहून त्या मार्चमध्ये घरी आलेली पत्रं असं काही असेल, तर खाली कळवा. मूळ कागद आम्हाला नकोत. आम्ही तुमच्या घरी येऊन मोबाईलवर फोटो काढू आणि कागद तिथेच ठेवून जाऊ. गणपतीत चाकरमानी घरी येतात, माळे उघडतात. तेव्हा जरा बघा.